हायब्रिड गाडी चार्ज कुठे करता? पार्किंगमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन वर्षं झाली हायब्रिड (पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी) घेऊन, आणि अजून आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी पार्किंगमध्ये थांबवून विचारतंच की चार्जर कुठे बसवलाय हो तुमचा. आमचे साताऱ्याचे काका तर दर फोनला विचारतात. म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल. मी इंजिनिअर नाही, पण गाडी घेण्याआधी सहा महिने डोकं खाल्लंय सगळ्यांचं, त्यामुळे बरंच काही गोळा झालंय.

चार्जच करायची नाही तर बॅटरी भरते कशी?

पेट्रोलनेच भरते. हे आधी डोक्यात पक्कं बसवा, पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. गाडीत बाहेरून येणारी ऊर्जा एकच, पंपावर भरलेलं पेट्रोल. इंजिन चालू असताना त्यातली थोडी ताकद जनरेटरकडून बॅटरीत जाते, आणि तुम्ही ब्रेक मारता किंवा ॲक्सिलरेटरवरचा पाय काढता तेव्हा चाकंच मोटरला फिरवतात, मोटर उलटी जनरेटरसारखी चालते आणि एरवी ब्रेक तापवण्यात वाया गेली असती ती ऊर्जा बॅटरीत परत येते. पण ती ऊर्जासुद्धा मुळात पेट्रोल जाळूनच मिळवलेली असते ना, फुकटचं काहीच नाही.

म्हणून मला ते 'सेल्फ चार्जिंग' हे जाहिरातीतलं नाव अजिबात आवडत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं गाडी हवेतून वीज खेचते की काय. नॉर्वेमध्ये तर 2020 मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षण खात्याने असल्या जाहिरातींना दिशाभूल करणाऱ्या ठरवून मनाई केली होती.

मग इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी आणि ही बॅटरी यात फरक काय?

गच्चीवरची टाकी आणि मोरीतली बादली यात जेवढा फरक तेवढा. टाकी रात्री भरून ठेवायची आणि दिवसभर पुरवायची, ती इलेक्ट्रिक गाडी. बादली सतत भरते, सतत रिकामी होते, नळ चालू-बंद होत राहतो, ती हायब्रिड.

आकडे सांगते. टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा (दोन्ही आतून एकच आहेत) यांच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरी आहे 0.76 किलोवॅट-तासाची, म्हणजे आपल्या लाईट बिलाच्या भाषेत पाऊण युनिट. नेक्सॉनच्या इलेक्ट्रिक मॉडेलची मोठी बॅटरी 45 युनिटची. पाऊण युनिटसाठी प्लग देऊन करणार काय, मोबाईलसारखी रात्रभर लावली तरी सकाळी सोसायटीच्या गेटपासून जेमतेम चौकाच्या पुढे जाईपर्यंत संपेल. शिवाय गाडीचा कॉम्प्युटर ती कधी पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही, मधल्या पट्ट्यातच ठेवतो, त्यामुळे स्क्रीनवर फुल दिसतं तेव्हाही ती शंभर टक्के भरलेली नसते. बॅटरी वर्षानुवर्षं टिकते त्याचं मोठं कारण हेच.

माइल्ड हायब्रिड, स्ट्राँग हायब्रिड, प्लग-इन हायब्रिड... डोकं फिरतंय.

शोरूमवाले मुद्दाम फिरवतात असं माझं मत झालंय. मला एका ठिकाणी सेल्समनने माइल्ड हायब्रिड दाखवून "मॅडम, ही पण हायब्रिडच आहे, दोन-तीन लाख वाचवा" सांगितलं होतं, मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'स्मार्ट' लिहिलेलं होतं.

माइल्ड म्हणजे अल्टरनेटरच्या (साध्या गाडीत बॅटरी भरणाऱ्या यंत्राच्या) जागी जरा ताकदवान मशीन, पट्ट्याने इंजिनला जोडलेली, जी सिग्नलला बंद झालेलं इंजिन पटकन चालू करते आणि उचलताना थोडा हात देते. मोटर एकटी गाडी ओढू शकत नाही, नुसता टेकू. एर्टिगा, ग्रँड विटाराचं स्वस्त व्हेरियंट वगैरे यात येतात.

स्ट्राँग म्हणजे इंजिन पूर्ण बंद असताना गाडी नुसत्या मोटरवर चालू शकते. या पानावर मी हायब्रिड म्हणते तेव्हा हेच.

प्लग-इन म्हणजे स्ट्राँगच, पण बॅटरी मोठी आणि चार्जरही लावता येतो. आपल्याकडे या फार कमी, आणि ज्या आहेत त्या महागड्या, त्यामुळे सोडून देऊ.

ओळखायची सोपी खूण, टेस्ट ड्राइव्हला रिकाम्या रस्त्यावर हळूहळू गाडी उचला, इंजिनचा आवाज न येता गाडी पुढे गेली तर स्ट्राँग.

आत नक्की काय चालतं? गियर कुठे गेले?

इथे मी जरा रमणार आहे, घाईत असाल तर पुढच्या प्रश्नावर जा.

टोयोटाच्या पद्धतीत इंजिन, जनरेटर आणि चाकांची मोटर हे तिघं एका प्लॅनेटरी गियरच्या सेटने कायमचे जोडलेले असतात. मधल्या छोट्या गियरला जनरेटर, त्याच्याभोवती फिरणाऱ्या गियरांच्या फ्रेमला इंजिन, आणि बाहेरच्या कड्याच्या बाजूला मोटर आणि चाकं. जनरेटर किती जोरात फिरवायचा हे कॉम्प्युटर ठरवतो आणि त्यावरून इंजिनचा वेग चाकांच्या वेगापासून सुटा करता येतो, म्हणजे गाडी 20 वर असो की 80 वर, इंजिनला त्याला परवडणाऱ्या वेगात ठेवायचं. क्लच नाही, स्टार्टर मोटर नाही, अल्टरनेटर नाही, बदलायचे गियरच नाहीत. लोकांना वाटतं हायब्रिड म्हणजे दुप्पट भानगड, पण खराब होणाऱ्या बऱ्याच गोष्टी इथे मुळातच काढून टाकल्यात. हीच पद्धत डिसेंबर 1997 मध्ये जपानात प्रियसमध्ये पहिल्यांदा विकायला आली आणि गाभा आजही तोच आहे.

होंडाचं गणित वेगळं. सिटी ई:एचईव्हीमध्ये बहुतेक वेळ इंजिन फक्त जनरेटर फिरवतं, त्या विजेवर मोटर गाडी ओढते, आणि हायवेला एकसारख्या वेगात गेल्यावर एक क्लच बसतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. कारण त्या वेगात पेट्रोलची वीज करून परत विजेची ताकद करणं म्हणजे नाशिकहून पुण्याला मुंबईमार्गे जाण्यासारखं.

दोन्हीकडे इंजिन ॲटकिन्सन सायकलचं असतं. सोप्या शब्दात, आत हवा घेणारा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, त्यामुळे हवा दाबायला कमी कष्ट आणि पेटलेल्या वायूकडून काम मात्र पूर्ण लांबीचं करून घेतलं जातं. असं इंजिन कमी पितं पण खालच्या वेगाला मरतुकडं वाटतं, एकट्याने चालवलं तर सिग्नलला मागचे हॉर्न मारतील. ती उणीव मोटर भरून काढते, कारण मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर देते. दोघांनी एकमेकांचं उणं झाकायचं असा संसार आहे.

शहरात ॲव्हरेज जास्त आणि हायवेला कमी? उलटं नाही का?

साध्या गाडीच्या मानाने उलटंच आहे. शहरात थांबा-चला-थांबा, प्रत्येक ब्रेकला थोडं परत मिळतं, सिग्नलला इंजिन बंद, कर्वे रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये तर गाडी बराच वेळ मोटरवरच सरपटते. एक्सप्रेसवेला एकदा शंभर धरले की ब्रेकच लागत नाही, मग परत मिळवणार कुठून. तिथे नुसतं ॲटकिन्सन इंजिनच्या काटकसरीवर भागवायचं, फायदा राहतो पण शहराइतका नाही.

हायरायडरचा कागदावरचा आकडा 27.97 किलोमीटर प्रति लिटर, इनोव्हा हायक्रॉसचा 23.24. कागदावरचा आकडा टेस्टिंगच्या मशीनवर काढलेला असतो, रस्त्यावर तेवढा मिळेलच असं धरून बजेट करू नका. मला पुण्यात 22-23 मिळतं, पावसाळ्यात थोडं जास्त, एप्रिल-मेमध्ये एसीमुळे कमी.

मंडईत जायला-यायला वापरते, तरी ॲव्हरेज 14 दाखवतं. गाडी बिघडली का?

नाही हो. थंड गाडी चालू केली की इंजिन पहिली काही मिनिटं चालतंच, स्वतः गरम व्हायला आणि सायलेन्सरमधला कॅटलिटिक कन्व्हर्टर गरम करायला, नाहीतर धूर शुद्ध होत नाही. दोन किलोमीटरची फेरी असेल तर गरम होईपर्यंत तुम्ही पोचलेले असता. तीन छोट्या फेऱ्या सलग एकत्र केल्या तर आकडा बघा कसा सुधारतो. आणि खरं सांगू का, दोन किलोमीटरला ॲक्टिव्हा बरी.

घाटात कशी चालते?

हा माझा आवडता प्रश्न.

चढताना आवाज जास्त येतो. गियर नसल्यामुळे इंजिन एकदा वर चढलं की त्याच सुरात ओरडत राहतं, तीन सिलिंडरचं असेल तर सूर फार गोड नाही. लांब चढाला, पाच माणसं आणि डिकी गच्च असेल, तर बादली निम्म्या घाटात रिकामी होते आणि पुढचं सगळं इंजिनवर येतं. हायरायडरमध्ये इंजिन आणि मोटर मिळून 116 पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) देतात पण एकटं इंजिन 92 चं आहे. ओव्हरटेक करताना हे लक्षात ठेवा, आंबोलीच्या वळणावर शिकायची गोष्ट नाही ही.

उतरताना मात्र मजा. एक हिशोब मी बसून केलाय. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना आपण साधारण साडेपाचशे मीटर खाली येतो. दीड टन वजनाची भरलेली गाडी एवढी खाली येते तेव्हा सव्वादोन युनिट ऊर्जा सुटते, काही हवा खाते, काही टायर खातात, पण उरलेली तरी पाऊण युनिटच्या बादलीत कशी मावणार? म्हणजे अर्ध्या घाटात बॅटरी फुल होते आणि ब्रेकने वीज परत घेणं जवळपास थांबतं. त्याच वेळी नवीन माणूस घाबरतो, कारण ॲक्सिलरेटर सोडलेला असताना अचानक इंजिन जोरात घूं घूं करायला लागतं. बिघाड नाहीये तो, जास्तीची ऊर्जा घालवायला गाडी इंजिनला नुसतं फिरवत असते, पेट्रोल न जाळता.

टोयोटा-मारुतीच्या गियर लिव्हरवर 'बी' लिहिलेलं असतं ते यासाठीच, लांब उतारावर ते लावायचं म्हणजे इंजिन ब्रेकिंग मिळतं आणि ब्रेक तापत नाहीत. होंडा सिटीमध्ये स्टिअरिंगमागे पॅडल आहेत, त्यांनी मोटरने गाडी किती रोखायची ते कमी-जास्त करता येतं. सपाट रस्त्यावर मात्र 'बी' लावून फिरू नका. न्यूट्रल टाकून उतरायची सवय असेल तर ती आधी मोडा, न्यूट्रलमध्ये बॅटरी भरत नाही आणि कुठल्याही गाडीला घाटात तो वेडेपणाच.

जास्तीचे पैसे वसूल कधी होतात?

गाडी किती फिरते त्यावर, बाकी सगळ्या गप्पा. धरून चाला की हायब्रिडला साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा अडीच लाख जास्त पडले, पेट्रोल 104 रुपये, तुमच्या वापरात हायब्रिड 22 देते आणि साधी ऑटोमॅटिक 13. महिन्याला हजार किलोमीटरला एकीला साडेपंचेचाळीस लिटर लागतं आणि दुसरीला सत्त्याहत्तर, म्हणजे सव्वातीन हजार रुपये वाचले. अडीच लाख सुटायला सव्वासहा-साडेसहा वर्षं. महिन्याला दोन हजार किलोमीटर असतील तर तीन-सव्वातीन वर्षांत सुटतात. आणि गाडी शनिवार-रविवारच बाहेर निघत असेल, महिन्याला चारशे, तर सोळा वर्षं, तेव्हा सरळ साधी पेट्रोल घ्या आणि उरलेल्या पैशात दरवर्षी कोकणात जाऊन या.

माझा रोजचा येऊन-जाऊन बावन्न किलोमीटरचा शहरातला रस्ता आहे म्हणून मला परवडली. आमच्या शेजारच्या आजोबांनी माझी बघून घ्यायची ठरवली होती, मी स्वतः नको म्हटलं.

सीएनजी घेतली तर?

नुसता रुपये-प्रति-किलोमीटरचा खेळ असेल तर सीएनजी हायब्रिडला मागे टाकते, मान्य करते. पण डिकीत सिलिंडर, पंपावरची रांग, आणि साधारणपणे मॅन्युअल गियर. तुमच्याकडे पंप जवळ असेल आणि रांगेचा त्रास वाटत नसेल तर खुशाल घ्या. हायब्रिडमध्ये बाहेरून सीएनजी किट मात्र बसवू नका, वॉरंटीही जाईल आणि इंजिन सारखं चालू-बंद होण्याचं गणितही बिघडेल.

बॅटरी गेली तर लाखभर जाणार ना?

वॉरंटीनंतर गेली तर मोठा खर्च आहेच, खोटं बोलत नाही. पण टोयोटा आणि होंडा दोघंही भारतात हायब्रिड बॅटरीवर 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी देतात. जगभर टॅक्सीवाल्यांनी प्रियस वर्षानुवर्षं रगडल्यात, त्यांना बॅटरी सारखी बदलावी लागत असती तर त्यांनी परत तीच घेतली नसती.

तुमच्या हातात एकच काम. बऱ्याच हायब्रिडमध्ये मागच्या सीटखाली किंवा कडेला एक जाळी असते, बॅटरीला गार ठेवायला पंखा तिथून केबिनमधली हवा ओढतो. त्या जाळीवर दप्तर, चादर, भाजीची पिशवी काही टेकवू नका आणि सर्व्हिसला फिल्टर साफ करून घ्या. घरात कुत्रा असेल तर जरा जास्तच लक्ष. आणि गाडी उन्हात भट्टीसारखी तापली असेल तर आधी खिडक्या उघडा, आपल्याला गरम होतं तसं तिलाही होतं.

बॅटरी एवढी मोठी असताना गाडी 'डेड' कशी झाली?

कारण मोठी नाही, छोटी बॅटरी उतरली. लाईट, लॉक, कॉम्प्युटर चालवायला साधी 12 व्होल्टची बॅटरी हायब्रिडमध्येही असते, आणि ती नसेल तर मोठी जागीच होत नाही. दिवाळीत तीन आठवडे गावाला गेलात की हे होऊ शकतं. जंप देऊन चालू होते, धक्का मारून मात्र होत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास 'रेडी' (म्हणजे बटण दाबून चालू, निघायला तयार) करून ठेवली तरी पुरे, पण मोकळ्या जागेत. रेडी दिवा लागलेला असेल तर इंजिन बंद दिसलं तरी ते कधीही चालू होऊ शकतं, म्हणून बंद बेसमेंटमध्ये गाडी रेडी ठेवून आत झोपणं वगैरे अजिबात करायचं नाही, धूर तो धूरच.

पावसात, पाण्यात शॉक लागेल का?

पाऊस, कार वॉशिंग, रस्त्यावरचं नेहमीचं पाणी, काही होत नाही. मोठ्या व्होल्टेजची लाईन गाडीच्या पत्र्यापासून पूर्ण वेगळी ठेवलेली असते आणि गळती जाणवली की सिस्टिम स्वतः तोडते. खरी भीती साध्या गाडीसारखीच आहे, इंजिनच्या तोंडात पाणी जाण्याची. शांत चालते म्हणून पाण्यात घालायचा मोह होतो, पण मध्येच इंजिन चालू झालं आणि पाणी ओढलं की संपलं.

पार्किंगमध्ये पाणी भरून गाडी सीटपर्यंत बुडाली असेल तर चालू करून बघू नका, आतल्या केशरी रंगाच्या वायरींना हात लावू नका, सर्व्हिसवाल्यांना बोलवा. टोईंगवाल्याला बजावून सांगा की फ्लॅटबेडच पाहिजे, किंवा निदान पुढची चाकं उचललेली पाहिजेत, कारण चाकं फिरली की मोटर फिरते आणि ती वीज करायला लागते. तो म्हणेल "काय होत नाय मॅडम", तरी ऐकू नका. आणि त्याच केशरी वायरींमुळे नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला इंजिन ऑइल, टायर, ब्रेक पॅड एवढंच काम द्या.

ब्रेक पॅड खरंच जास्त टिकतात?

टिकतात. बराचसा वेग मोटरच कमी करते, पॅड शेवटी लागतात. फक्त पाय हळू आणि आधीपासून दाबायची सवय लावा, शेवटच्या क्षणी कचकन मारलात तर सगळी ऊर्जा परत पॅडमध्येच.

डिकी?

लहान होते. होंडा सिटीमध्ये साध्या मॉडेलची डिकी 506 लिटर आणि हायब्रिडची 306. गणपतीला गावी जाणारं कुटुंब असाल तर बॅगा घेऊनच शोरूमला जा, लाजू नका.

सरकारकडून सवलत मिळते का? हिरवी पाटी?

हिरवी नंबर प्लेट फक्त बॅटरीवरच्या गाड्यांना, हायब्रिडला पांढरीच. जीएसटीत इलेक्ट्रिकला 5 टक्के आणि सध्याच्या स्ट्राँग हायब्रिडना 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के, आधी सेस धरून 43 होता. अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ, आपण भरायचा. उत्तर प्रदेशने जुलै 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा रजिस्ट्रेशन टॅक्स माफ केला तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस हळहळ चालली होती. पण मला विचाराल तर इलेक्ट्रिकला झुकतं माप बरोबरच आहे, हायब्रिड शेवटी पेट्रोलचीच गाडी. वाईट एवढंच वाटतं की पेट्रोल कमी पिणारी आणि जास्त पिणारी एकाच पट्टीने मोजली जाते.

महाराष्ट्रात बनते का ही गाडी?

सध्या टोयोटा किर्लोस्करचा कारखाना बंगळुरूजवळ बिडदीला आहे, नावात किर्लोस्कर असले तरी. जुलै 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगरला सुमारे 20 हजार कोटींच्या नव्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार झालाय, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक दोन्हीसाठी. तिकडच्या आमच्या नातेवाइकांनी बिडकीनच्या बाजूच्या जमिनीचे भाव सांगायला केव्हाच सुरुवात केलीय.

अमेरिकेतला भाऊ म्हणतो तिकडे सगळ्यांकडे हायब्रिड आहे. खरं का?

सगळ्यांकडे नाही, पण तिकडे टोयोटाची सिएना 2021 च्या मॉडेलपासून आणि कॅमरी 2025 च्या मॉडेलपासून फक्त हायब्रिडच मिळते, साधी मागितली तरी नाही. त्यामुळे देशी मंडळींच्या ड्राइव्हवेत ती दिसणारच. आपल्याकडे होंडाने 2008 मध्ये सिव्हिक हायब्रिड आणली होती आणि 2010 मध्ये प्रियस आली, दोन्ही इतक्या महाग की आपण लांबूनच बघितल्या. खरी गाडी चालू झाली ती 2022 पासून.

पेट्रोल संपलं तर बॅटरीवर पंपापर्यंत जाईल का?

जाईल कदाचित, पंप किलोमीटरभरात असेल तर. पण हा प्रयोग करू नका. टोयोटाच्या पद्धतीत वेगळा स्टार्टर नाही हे वर सांगितलं, इंजिन चालू करायलाही त्याच मोठ्या बॅटरीतली वीज लागते. ती पार उतरवलीत तर नंतर कॅनमधून पेट्रोल आणून ओतलं तरी इंजिन फिरवणार कोण? काकांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, म्हणजे शेवटी ट्रकच मागवायचा. हो काका, ट्रकच. त्यामुळे एक कांडी उरली की पंपावर जा.